"आपल्यात हे आहे का?" : ओपन सोर्स लायब्ऱ्या सांभाळायला बसलेल्या नव्या मंडळींसाठी

११ डिसेंबर २०२१, शनिवार. मी कोपरखैरण्याला घरी होते. जेवणं नुकतीच आटोपली होती आणि आमच्या टीम लीडचा फोन आला. "अगं, आपल्यात लॉगफोरजे आहे का?" लॉगफोरजे ही जावा प्रोग्रॅमच्या नोंदी (लॉग) लिहिणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आणि आपण जोडून घेतो तो तयार कोड. तिच्यातली लॉगफोरशेल नावाची त्रुटी नुकतीच जगजाहीर झाली होती. त्रुटींच्या जागतिक यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२१-४४२२८, गंभीरता १० पैकी १०. लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरात कुणी ठरावीक साच्याची एक ओळ घुसवली, की सर्व्हर स्वतःच बाहेरचा कोड आणून चालवायचा. मी आमच्या प्रोजेक्टची पीओएम फाइल, म्हणजे आम्ही घेतलेल्या लायब्ऱ्या जिथे लिहितो ती, उघडली, नाव शोधलं, सापडलं नाही. "नाही" असं सांगून फोन ठेवला.

ते उत्तर चूक होतं. सोमवारी महाप्याच्या ऑफिसात आम्ही बिल्ड झालेली वॉर फाइल (कोडपासून तयार होऊन सर्व्हरवर जाणारं पुडकं) झिप उघडतात तशी उघडली. आत लिब फोल्डर, त्यात रिपोर्ट बनवणाऱ्या एका विकतच्या घटकाची जार (जावाच्या क्लासची बांधलेली फाइल). ती जारही उघडली. तिच्या पोटात लॉगफोरजेचे क्लास जसेच्या तसे भरलेले होते आणि त्यात जेएनडीआय-लुकअप ही नेमकी ती क्लास फाइल. सगळ्या घोळाचं मूळ असलेली ती फाइल काही केबींची होती. आमच्या पीओएममध्ये तिचं नावही नव्हतं. मग कोणत्या क्लायंटकडे कोणतं व्हर्जन चालू आहे आणि त्यातल्या कुठे कुठे ती जार गेली आहे, हे शोधता शोधता बुधवार उजाडला. तोवर लॉगफोरजेचं २.१५.० येऊन गेलं होतं, ते अपुरं पडलं म्हणून २.१६.० आलं, मग २.१७.०, आणि महिना संपायच्या आत २.१७.१. दर वेळी तोच प्रश्न नव्याने: आपल्यात हे आहे का, आणि कुठे कुठे आहे?

त्या आठवड्यानंतर आमच्या कंपनीत हे काम माझ्याकडे आलं. तेव्हा मला ते शिकवणारं कुणी नव्हतं. ऐरोली, महापे, वाशी किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कंपनीत तुम्ही नुकते लागला असाल आणि "लायब्ऱ्यांचं जरा तू बघ" असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. शंभर-दीडशे माणसांच्या कंपनीला झेपेल असंच यात सांगितलं आहे. वेगळा कायदा विभाग, वेगळा सिक्युरिटी विभाग असली चैन आमच्याकडे नव्हती.

हाताशी काय लागेल

कागदपत्रं अशी:
- प्रत्येक प्रॉडक्टची, प्रत्येक रिलीजची घटकांची यादी
- कोणती लायसन्स चालतील आणि कोणती विचारल्याशिवाय नाही, हे सांगणारं एक पान. एकच पान, दहा पानांचं धोरण कुणी वाचत नाही
- नवी लायब्ररी आत घेण्याचा छोटा फॉर्म
- कोणत्या क्लायंटकडे कोणतं रिलीज चालू आहे याचा तक्ता
- अपवादांची वही: काय, का, कुणाच्या परवानगीने आणि कधीपर्यंत

अवजारं सगळी फुकट मिळणारी आहेत. यादी काढायला सिफ्ट किंवा ट्रिव्ही, त्रुटी तपासायला ग्राइप किंवा ट्रिव्हीच, लायसन्स शोधायला स्कॅनकोड, सगळ्या याद्या एका जागी ठेवून त्यांवर नजर ठेवायला ओडब्ल्यूएएसपी या सॉफ्टवेअर सुरक्षेच्या संस्थेचं डिपेन्डन्सी-ट्रॅक. अपडेट सुचवायला डिपेन्डाबॉट किंवा रेनोव्हेट. पहिल्याच दिवशी सगळी बसवू नका. सिफ्ट किंवा ट्रिव्हीपासून सुरुवात करा, बाकीची गरज लागेल तशी घ्या.

१. आधी यादी करा, आणि ती बिल्डकडूनच करून घ्या

रबाळे-महापे पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांत काम करणारे शेजारी माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या गोदामात आलेल्या प्रत्येक ड्रमाला बॅच नंबर असतो आणि कोणता ड्रम कोणत्या मालात गेला हे रजिस्टर बघून सांगता येतं. आपल्या धंद्यात या रजिस्टरला एसबॉम म्हणतात, म्हणजे सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स. ते लिहिण्याचे दोन साचे सर्वत्र चालतात: एसपीडीएक्स, जो २०२१ मध्ये आयएसओ ५९६२ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि ओडब्ल्यूएएसपीचा सायक्लोनडीएक्स. कोणता घ्यावा यावर वेळ घालवू नका. तुमच्या बिल्ड टूलला जो सोपा जाईल तो घ्या. आमचं काम जावाचं, मेव्हन या आमच्या बिल्ड टूलचं सायक्लोनडीएक्स प्लगइन दहा मिनिटांत बसलं, म्हणून आम्ही तो घेतला.

नवख्या माणसाची पहिली चूक ठरलेली आहे आणि ती मीही केली: एक्सेल उघडून टीममधल्या प्रत्येकाला "तुम्ही काय काय वापरता?" असं विचारत फिरणं. लोक मनापासून सांगतात, पण त्यांना माहीत असतं तेवढंच सांगतात. तुम्ही स्वतः घेतलेल्या लायब्ऱ्या वीस असतील, त्या वीस आपल्यासोबत आणखी शेकडो घेऊन येतात, आणि त्यांची नावं टीममधल्या कुणीही कधी ऐकलेली नसतात. मेव्हनमध्ये डिपेन्डन्सी-ट्री ही कमांड एकदा चालवून बघा. झाड स्क्रीनवरून खाली खाली जात राहतं, आणि आपलं काम किती मोठं आहे ते तेव्हा खरं कळतं.

यादी तीन ठिकाणांहून काढायची. एक, सोर्स कोडमधून. दोन, बिल्ड होऊन तयार झालेल्या फाइलमधून, कारण जारमध्ये कोंबलेली जार तिथेच सापडते. तीन, कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पुडकं) वापरत असाल तर इमेजमधून, कारण तुमचा कोड स्वच्छ असला तरी खालच्या लिनक्स इमेजमध्ये जुनं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) बसलेलं असू शकतं. तिन्ही याद्या एकमेकींशी जुळणार नाहीत. त्यांतला फरक एकेक करून समजून घ्या. पहिल्या महिन्यात मी सगळ्यात जास्त शिकले ते याच बैठकीत.

तरीही काही गोष्टी स्कॅनरच्या हाती लागत नाहीत. स्टॅटिक फोल्डरमध्ये कुणीतरी कधीकाळी डाउनलोड करून ठेवलेली जेक्वेरीची फाइल. इंटरनेटवरून उचलून आपल्या क्लासमध्ये चिकटवलेलं फंक्शन. नाव बदलून ठेवलेली जार. आमच्याकडे युटिल-न्यू नावाची एक जार निघाली. आत बघितलं तर अपाची कॉमन्सच्या एका लायब्ररीचं जुनं व्हर्जन होतं आणि ती कुणी टाकली हे सांगायला कंपनीत कुणी उरलं नव्हतं. अशा फाइल्स हाताने शोधाव्या लागतात. दोन दिवस जातात. ते द्या.

यादी तयार झाली की ती बिल्डच्या पाइपलाइनमध्ये टाका, म्हणजे प्रत्येक रिलीजसोबत ती आपोआप तयार होईल आणि रिलीजच्या शेजारीच साठवली जाईल. हाताने केलेली यादी पुढच्या मर्जपर्यंतच खरी असते.

२. प्रत्येक लायब्ररीपुढे घरातलं एक नाव लिहा

ही पायरी छोटी आहे. तुम्ही स्वतः निवडलेल्या लायब्ऱ्यांपुढे एका जिवंत, नोकरीत असलेल्या माणसाचं नाव लिहायचं. "बॅकएन्ड टीम" लिहून चालणार नाही. अपडेट आलं, त्रुटी आली, लायसन्स बदललं, की फोन त्या माणसाला जाणार. तो नोकरी सोडून गेला तर नोटीस पिरियडच्या यादीत "लायब्ऱ्या कुणाच्या नावावर केल्या?" हा प्रश्न एचआरकडून घालून घ्या. आमच्या एचआरला हे सुरुवातीला विचित्र वाटलं, पण त्यांनी घातला.

३. लायसन्स स्वतः वाचा

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. "ओपन सोर्स म्हणजे फुकट, फुकट म्हणजे कसंही वापरा," असं मी चांगल्या अनुभवी लोकांकडून ऐकलं आहे. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत धरले जातात. म्हणजे लिहिणाऱ्याने परवानगी दिली तरच वापरायचं, आणि लायसन्स म्हणजे ती अटींसह दिलेली परवानगी. म्हणूनच ज्या प्रोजेक्टमध्ये लायसन्सची फाइलच नाही, तो कोड सगळ्यांना दिसत असला तरी तुम्हाला वापरायला दिलेला नसतो. असा कोड आत घेऊ नका. लेखकाला इश्यू टाकून विचारा. बरेच जण दोन दिवसांत लायसन्स घालतात.

लायसन्सचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिला गट मोकळा: एमआयटी, बीएसडी, अपाची २.०. वापरा, बदला, विका; मूळ लेखकाचं नाव आणि लायसन्सचा मजकूर मात्र सोबत द्या. अपाचीमध्ये पेटंटबद्दलचं कलम आहे आणि नोटीस फाइल असली तर तीही पुढे द्यावी लागते. या गटात लोक निर्धास्त असतात आणि नेमकी हीच अट पाळत नाहीत. मोबाइल अ‍ॅपमध्ये "लायसन्सेस" नावाचं एक पान दिसतं ना, ते याचसाठी असतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये ते नसेल तर पहिल्या महिन्यात करून टाका. एसबॉम तयार असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुसरा गट मधला: एलजीपीएल आणि एमपीएल. त्या लायब्ररीत तुम्ही जे बदल कराल ते खुले करावे लागतात, तुमचा बाकीचा कोड तुमच्याकडे राहू शकतो. लायब्ररी वेगळी जोडलेली असली तर एलजीपीएल पाळणं सोपं जातं; आपल्या फाइलमध्ये वितळवून टाकली की अवघड होतं.

तिसरा गट जीपीएल आणि एजीपीएल. जीपीएलचा घटक आपल्या प्रोग्रॅममध्ये मिसळून तो प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला, तर संपूर्ण प्रोग्रॅमचा सोर्स त्याच अटींवर द्यावा लागतो. इथला कळीचा शब्द "दिला" हा आहे, आणि आपल्या भागातल्या कंपन्या इथेच घसरतात. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या क्लायंटसाठी कोड लिहून त्यांच्या ताब्यात देतात. ते देणंच झालं. क्लायंटच्या सर्व्हरवर इन्स्टॉल करणं हेही देणं. मोबाइल अ‍ॅप हेही देणं. "आम्ही फक्त सर्व्हिस देतो" हे वाक्य तुमच्या टीममध्ये कुणी बोललं, तर करार काढून वाचा. सॉफ्टवेअर खरोखर फक्त तुमच्याच सर्व्हरवर चालत असेल तर साध्या जीपीएलची ती अट लागू होत नाही, पण एजीपीएलची होते: त्यात बदल करून नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलं, तरी त्यांना सोर्स द्यावा लागतो.

आमच्याकडे घडलेलं सांगते. आमचं एक प्रॉडक्ट गोदामातून निघणाऱ्या मालाचं चलन पीडीएफमध्ये काढतं. त्यात आयटेक्स्ट ही लायब्ररी होती, २.१.७ हे जुनं व्हर्जन, एलजीपीएल आणि एमपीएलखालचं. एका नव्या मुलाने चांगल्या हेतूने ती अपडेट केली. चलन पूर्वीपेक्षा नीट येऊ लागलं, टेस्ट सगळ्या हिरव्या. पण आयटेक्स्ट पाचव्या व्हर्जनपासून एजीपीएलखाली किंवा विकतच्या लायसन्सवर मिळतं, आणि हे त्यांनी उघड लिहिलेलं आहे. नाव तेच असल्यामुळे पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल आत घेण्याची विनंती) तपासणाऱ्याला काही वेगळं दिसलं नाही. ती तपासणारी मीच होते. रिलीज जायच्या दोन दिवस आधी लायसन्सचा स्कॅन लागला म्हणून कळलं. जुन्या व्हर्जनातून पुढे निघालेलं ओपनपीडीएफ एलजीपीएल आणि एमपीएलखाली आहे, ते घालून आम्ही सुटलो. त्या मुलाला कुणी बोललं नाही, बोलायला नकोच होतं. आम्ही नियम बदलला: मुख्य व्हर्जन नंबर बदलला की लायसन्स नव्याने बघायचं आणि पुल रिक्वेस्टमध्ये ते लिहायचं.

आणखी काही खड्डे:

- जीपीएल २ आणि अपाची २.० एकत्र नांदत नाहीत, जीपीएल ३ आणि अपाची नांदतात. म्हणून "जीपीएल" एवढंच लिहिलेलं वाचून पुढे जाऊ नका. "फक्त २" की "२ किंवा त्यापुढचं" हे बघा.
- व्हिडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेगसारखे घटक कोणते पर्याय लावून बिल्ड केले आहेत त्यावर एलजीपीएल की जीपीएल हे ठरतं. कुणीतरी बिल्ड करून दिलेली तयार फाइल घेतली असेल तर हे आवर्जून तपासा.
- स्टॅक ओव्हरफ्लोवरचा कोड क्रिएटिव्ह कॉमन्सच्या शेअर-अलाइक लायसन्सखाली असतो. तिथून कल्पना घ्या, ओळी स्वतः लिहा.
- सोर्स दिसतो म्हणून ओपन सोर्स असतंच असं नाही. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशीकॉर्पने २०२३ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये आपली लायसन्स अशा अटींकडे वळवली ज्या ओपन सोर्सच्या रूढ व्याख्येत बसत नाहीत. काहींनी पुढे एजीपीएलचा पर्यायही दिला. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी केलेली नोंद आजही खरी आहे, असं धरून चालू नका.

कुठे अडलात तर कंपनीच्या वकिलाला विचारा, पण "जीपीएल चालेल का?" असं विचारू नका. कोणती लायब्ररी, कोणतं व्हर्जन, आपल्या कोडशी कशी जोडली आहे, आपण ती कुणाला देतो, हे चार मुद्दे लिहून द्या. आमचे वकील ठाण्याला कोर्टानाक्याजवळ बसतात, सॉफ्टवेअरमधले नाहीत. हे चार मुद्दे पुढे ठेवल्यावर त्यांनी अर्ध्या तासात नेमकं उत्तर दिलं. त्याआधी दोन आठवडे आमची नुसती ईमेलं चालली होती.

४. नवी लायब्ररी दारातच तपासा

आत आलेली लायब्ररी काढणं फार महाग पडतं, म्हणून तपासणी दारात करायची. आमच्या फॉर्मवर सहा प्रश्न आहेत. हिची खरंच गरज आहे का? लायसन्स काय? शेवटचं रिलीज कधी झालं? सांभाळणारी माणसं किती? सोबत किती लायब्ऱ्या घेऊन येते? उद्या बंद पडली तर आपण काय करू?

पहिला प्रश्न सगळ्यात उपयोगी. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावरून काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड पडले. त्यात कोड होता अकरा ओळींचा, शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणारा. अकरा ओळी आपण लिहू शकतो.

सांभाळणाऱ्या माणसांचा प्रश्नही वरवर घेऊ नका. २०१८ मध्ये इव्हेन्ट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजच्या मूळ लेखकाने थकून ते मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोपवलं, आणि त्या माणसाने बिटकॉइनची पाकिटं लुटणारा कोड आत घातला. एक्सझेडचं प्रकरण याहून मोठं. लिनक्समधल्या, फाइल दाबून लहान करण्याच्या या साधनात दोनेक वर्षं विश्वास कमावून एकाने चोरदरवाजा बसवला, ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत. २९ मार्च २०२४ ला तो उघड झाला, कारण आन्द्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच (दूरच्या मशीनवर जाण्याची सोय) लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला आणि त्याने तो सोडून दिला नाही. एकटा, थकलेला, पगाराविना काम करणारा माणूस या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी आहे. तुमच्या प्रॉडक्टचा कणा अशा एका माणसावर उभा असेल तर ते तुमच्या साहेबांना सांगा, आणि त्या प्रोजेक्टला कंपनीकडून पैसे किंवा तुमचे काही तास देता येतील का ते विचारा.

नावाची अक्षरं नीट बघा. २०१७ मध्ये एनपीएमवर क्रॉस-ईएनव्ही या पॅकेजच्या नावातली आडवी रेघ गाळून हुबेहूब दुसरं पॅकेज टाकलं होतं आणि ते मशीनमधली गुपितं पळवायचं. आता त्यात नवी भर पडली आहे: एआय सहायक कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव खात्रीने सुचवतात, आणि तेच नाव कुणीतरी वाईट हेतूने आधीच नोंदवून ठेवलेलं असू शकतं. सुचवलेलं नाव थेट इन्स्टॉल करू नका. आधी त्या प्रोजेक्टच्या मूळ पानावर जा.

हा फॉर्म भरायला पंधरा मिनिटांहून जास्त वेळ लागता कामा नये आणि उत्तर त्याच दिवशी मिळालं पाहिजे. आम्ही पहिल्यांदा दर गुरुवारी कमिटी बसवत होतो. लोकांनी दोन गुरुवार वाट पाहिली आणि तिसऱ्यापासून कोड सरळ कॉपी करून चिकटवायला लागले. तसा कोड स्कॅनरलाही दिसत नाही.

५. व्हर्जन बांधून ठेवा

लॉक फाइल (प्रत्येक लायब्ररीचं नेमकं व्हर्जन नोंदलेली फाइल) रिपॉझिटरीत कमिट करा. बिल्ड सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉल न वापरता एनपीएम सीआय वापरा. ते लॉक फाइलमध्ये आहे तेच आणतं, आणि लॉक फाइल जुळली नाही तर थांबतं. "नवीनतम" असा टॅग लावलेली कंटेनर इमेज प्रॉडक्शनला नेऊ नका.

जमेल तेव्हा कंपनीच्या आत एक भांडार उभं करा, नेक्ससचं किंवा जावास्क्रिप्ट असेल तर व्हर्डाचिओचं, आणि सगळे बिल्ड त्यातूनच उचलायला लावा. बाहेर एखादं पॅकेज नाहीसं झालं तरी तुमचं काम थांबत नाही. मात्र तुमच्या अंतर्गत पॅकेजना कंपनीचं स्वतःचं उपसर्ग-नाव द्या आणि ती नावं बाहेर शोधली जाणार नाहीत असं सेट करा. २०२१ मध्ये एका संशोधकाने मोठमोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजची नावं बाहेरच्या सार्वजनिक भांडारात नोंदवून दाखवलं की त्यांचे बिल्ड बाहेरचंच उचलतात.

६. त्रुटींचं काम रोज थोडं करा

पहिला स्कॅन चालवाल तेव्हा शेकड्यांनी त्रुटी दिसतील. घाबरू नका, आणि तो रिपोर्ट तसाच सगळ्यांना फॉरवर्ड करू नका. मी केला होता. एका तासात पुढे-मागे तीस ईमेलं झाली आणि एकही त्रुटी सुटली नाही.

क्रम असा लावा. सर्वात आधी, ज्या त्रुटीचा खरोखर गैरवापर चालू आहे ती. अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेची अशा त्रुटींची यादी खुली आहे, केईव्ही म्हणतात तिला. मग इंटरनेटला उघड्या असलेल्या भागातल्या. मग गंभीरतेचा आकडा. फक्त आकडा बघून गेलात तर आतल्या कुठल्यातरी टेस्ट लायब्ररीतल्या ९.८ मागे धावाल आणि लॉगिन पानाखालचं ७.५ राहून जाईल. त्रुटी असलेलं फंक्शन आपण वापरतच नसू, तर तसं कारणासकट लिहून ठेवा. याच्याही ठरलेल्या साच्याला व्हेक्स म्हणतात. "आपल्याला लागू नाही" हे उत्तर चालतं. त्याच्या मागचं कारण मात्र लेखी हवं.

मुदती ठरवा. आमच्या अशा: गैरवापर चालू असेल तर ४८ तास, गंभीर असेल तर १५ दिवस, बाकी पुढच्या रिलीजमध्ये. मुदत पाळता येत नसेल तर अपवादांच्या वहीत नोंद आणि साहेबांची सही. एक्विफॅक्स या अमेरिकेतल्या क्रेडिट माहितीच्या कंपनीचं उदाहरण मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. अपाची स्ट्रट्स या वेब लायब्ररीतल्या त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच आलेली होती. ती एका ठिकाणी लावायची राहिली आणि मे ते जुलैमध्ये सुमारे १४.७ कोटी माणसांची माहिती गेली.

अपडेट मात्र साठवून ठेवू नका. डिपेन्डाबॉटच्या छोट्या पुल रिक्वेस्ट दर मंगळवारी अर्धा दिवस बसून निपटवल्या तर प्रत्येक उडी लहान राहते. तीन वर्षं न केलेलं अपडेट एका रात्रीत करावं लागलं, की तुटणाऱ्या गोष्टींत त्रुटी हा भाग छोटा उरतो. बाहेर आलेलं नवंकोरं व्हर्जन मात्र सिक्युरिटी दुरुस्ती नसेल तर आठवडाभर थांबून घ्या. घातक पॅकेजं बहुतेक पहिल्या काही दिवसांतच पकडली जातात.

आणि हल्ला खरंच झाला तर: सर्ट-इन या आपल्या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. कुणी कळवायचं, कोणत्या ईमेलवरून, हे आजच लिहून भिंतीवर लावा.

७. क्लायंटने एसबॉम मागितला की

आता मागतातच. सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये काढलेल्या सायबर सुरक्षेच्या चौकटीत एसबॉमचा समावेश आहे, त्यामुळे शेअर बाजाराशी संबंधित क्लायंट असेल तर विचारणा होईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इनने एसबॉमसाठी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. युरोपात माल विकणाऱ्यांसाठी तिथला सायबर रेझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात.

त्यांच्याकडे जे रिलीज चालू आहे त्याचाच एसबॉम द्या, आजच्या मेन ब्रँचचा नको. ही चूक मी दोनदा पाहिली आहे. यादी हाताने "साफ" करून, नको ते घटक गाळून पाठवू नका. क्लायंटने स्वतः स्कॅन केला की ते दिसणारच आणि मग तुमच्या प्रत्येक कागदावर शंका येईल. जुनी लायब्ररी यादीत दिसत असेल तर सोबत व्हेक्स जोडा: ही त्रुटी लागू नाही कारण अमुक, ही अमुक तारखेपर्यंत काढतो.

८. दर महिन्याला एक सराव

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, चहानंतर, मी टीममधल्या कुणालाही एका लायब्ररीचं नाव सांगते आणि घड्याळ लावते. "आपल्यात हे आहे का? कोणतं व्हर्जन? कोणत्या क्लायंटकडे?" पहिल्या वेळी पन्नास मिनिटं लागली. गेल्या महिन्यात नऊ. त्यातली सात मिनिटं तुर्भ्याच्या एका जुन्या क्लायंटकडे नेमकं कोणतं रिलीज आहे हे शोधण्यात गेली, कारण तिथे गेलेल्या मुलाने हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) घातल्यावर तक्त्यात नोंद केली नव्हती. सोमवारपासून हॉटफिक्सच्या स्क्रिप्टमध्येच तक्त्यातली नोंद घातली आहे. ती झाल्याशिवाय स्क्रिप्ट पुढे जात नाही. पुढच्या सरावाला मी त्याच क्लायंटचं नाव घेणार आहे.